पागेच्या छतावर लिहिलेलं श्री

दुबईत एकतीस वर्षं सिव्हिल इंजिनिअर म्हणून काढली असं सांगितलं, की समोरच्याची मान आपोआप वर जाते. "कुठला टॉवर तुमचा?" मग मी मोबाइल काढतो आणि एक फोटो दाखवतो. फोटोत मातीच्या रंगाची, बसकी, लांबलचक इमारत असते. खिडकी एकही नाही, मधोमध एक मोठा लाकडी दरवाजा, मागे खजुराची झाडं. बघणारा दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहतो, टॉवर मागे कुठे लपलाय का म्हणून. शेवटी विचारतो, "हा काय गोठा आहे का?"

"पागा," मी सांगतो. "घोड्यांची. आणि ही माझी."

माझी म्हणजे मी बांधलेली नव्हे. ती माझ्या जन्माच्या आधीच उभी होती. मी ती एकदा बिघडवली आणि सत्तावीस वर्षांनी दुरुस्त केली. मधल्या काळात रुवैसला रिफायनरीतल्या लोकांसाठी क्वार्टर्स बांधले, फुजैराला तेलाच्या टाक्यांचे पाये घातले. ती सगळी कामं ठणठणीत उभी आहेत आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. म्हणून यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी "टिळेकर, तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मी पागेबद्दलच लिहायचं ठरवलं.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी इथे आलो तो मुंबईत आठ वर्षं गळक्या गच्च्यांशी झुंजून. मुंबईत तयार झालेल्या इंजिनिअरच्या हाडात एकच भीती मुरलेली असते, पाणी आत येण्याची. त्यावर आमच्याकडे एकच रामबाण उपाय, ब्रिकबॅट कोबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे, पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा आणि वरून सिमेंटचा गुळगुळीत थर. कठडा जिथे गच्चीला मिळतो तिथे सिमेंटचा गोलसर भराव घालायचा, त्याला आम्ही वाटा म्हणतो. वरचा थर ओला असतानाच दोन माणसं दोन टोकांना दोरी ताणून धरतात आणि तिचा फटका थरावर मारतात. फूटफूट अंतरावर आधी उभ्या रेघा, मग आडव्या. गच्चीभर चौकोन उमटतात. पुढे सिमेंट तडकलंच तर ते रेघेत तडकावं, हा हेतू. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर हेच चौकोन असतील आणि त्यांच्यावर तुम्ही पापडही वाळत घातले असतील.

या कोब्यात मी उस्ताद होतो. आमच्या जुन्या मुकादमाने शिकवल्याप्रमाणे कामाला सुरुवात करताना पहिल्या कोपऱ्यात, ओल्या सिमेंटवर, खिळ्याने 'श्री' लिहायचो. इथे आल्यावरही ती सवय सोडली नाही. हे श्री लक्षात ठेवा, पुढे त्याने माझी चांगलीच लाज काढली.

तर इथे येऊन चारच वर्षं झाली होती. मी चौतीसचा होतो, अंगात रग होती. कंपनीने मला अल ऐनच्या बाजूला एका मजऱ्यावर पाठवलं. मजरा म्हणजे खजुरांची मोठी बाग, मालकाचं गावाकडचं घर, विहिरी, जनावरं, सगळं मिळून. मध्यभागी ही पागा. एका ओळीत एकवीस ठाणं, म्हणजे एकवीस घोडे उभे राहतील असे कप्पे. समोर लांब बोळ, बोळाच्या भिंतीत एकच दरवाजा. भिंती कच्च्या विटांच्या, तळाशी हातभराहून जाड. छताला खजुराची उभी चिरलेली खोडं, त्यांवर झावळ्यांच्या चटया, त्यांवर मातीचा थर. मागच्या भिंतीला लागून पाण्याचा उघडा पाट वाहायचा. इथे त्याला फलज म्हणतात.

मालक म्हातारे होते. कामगार त्यांना अरबाब म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी काठीने छताचा एक कोपरा दाखवला. "हेना. पानी." म्हणजे इथे. हिवाळ्यात पाऊस पडला होता आणि त्या कोपऱ्यातून त्यांच्या लाडक्या घोडीच्या पाठीवर थेंब पडले होते. एका कोपऱ्यातून, एवढीच तक्रार.

मी शिडीने वर चढलो, पाहतो तर छत मातीचं! कपाळावर हात मारला. खाली उतरून छाती पुढे काढून म्हणालो, "नो प्रॉब्लेम अरबाब. एकदम पक्का करके देगा. लाइफटाइम गॅरंटी."

आणि पक्कं करून दिलं. अख्ख्या छतावर कोबा घातला. जिथे वर्षातून चार दिवस पाऊस पडतो तिथे मी मुंबईच्या हिशेबाने वॉटरप्रूफिंग केलं. दोऱ्या मारल्या, श्री लिहिलं. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. मागच्या भिंतीत, प्रत्येक ठाणाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक अरुंद फट होती. पंजा जाईल इतकी रुंद, कोपरापर्यंतच्या हाताएवढी उंच. अशा एकवीस. मला वाटलं गवंड्याने आळस केला. त्याही ब्लॉक घालून बुजवल्या. अरबाबचा मुलगा अबू राशिद, माझ्याच वयाचा, तिथे उभा होता. त्याने विचारलं, "ये काहे को बंद किया?"

"साँप आएगा, अरबाब."

"साँप आया तो घोड़ा बोलता है," तो म्हणाला.

मी हसलो. कामाच्या शेवटच्या दिवशी म्हाताऱ्यांनी घोडीला आत न्यायचा प्रयत्न केला. ती दारातच मागे सरली. तिचे कान मागे पडले होते. मी म्हणालो, "नया सिमेंट का स्मेल है. आठ दिन में आदत होगा." सही घेतली आणि जीपमध्ये बसून निघून आलो. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की येताना दुबईतल्या करामामध्ये उतरून सहकाऱ्यांना मिसळ खाऊ घातली.

सत्तावीस वर्षांनी, निवृत्तीला आठ महिने राहिले असताना, तीच फाइल माझ्या टेबलावर आली. म्हातारे अरबाब कधीच वारले होते. अबू राशिदची दाढी पांढरी झाली होती आणि मजऱ्याचं काम त्याचा मुलगा फहद बघत होता. पागेचं छत खाली झुकलं होतं. भिंतींचं प्लास्टर सुटत होतं. जुनी वास्तू म्हणून तिचं काय करता येईल ते पाहायला एलिसन नावाची इंग्लंडची तज्ज्ञ बाई बोलावली होती आणि साइटचं काम आमच्या कंपनीकडे होतं. मॅनेजर म्हणाला, "टिळेकर, यू नो द प्लेस, ना? तुम्हीच जा."

आत शिरलो तर घोडा एकही नाही. ठाणांमध्ये ठिबकचे पाइप, खताच्या गोण्या, मोडक्या खुर्च्या. घोडे पलीकडे पत्र्याच्या एसी शेडमध्ये होते. अबू राशिदने सहज सांगितलं, "बहुत साल से घोड़ा इधर नहीं रहता." त्याने मला ओळखलं नव्हतं. डोक्यावरचे केस गेले आणि पोट आलं की माणूस ओळखू येत नाही, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

भिंतीवर मी हातोड्याच्या दांड्याने टकटक केलं. हे आमच्या धंद्यातलं नाडी बघणं. घट्ट भिंत बद्द वाजते, सुटलेली पोकळ. इथे गुडघ्यापर्यंत सगळी भिंत पोकळ वाजत होती. मातीची भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि वाऱ्याला देऊन टाकते. तिच्यावर सिमेंट थापलं की पाणी आतच कोंडतं आणि माती पिठासारखी होते. हे मला सत्तावीस वर्षांपूर्वी कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग आम्ही वर चढलो. एलिसन गुडघ्यांवर बसली, हाताने धूळ झाडू लागली, आणि तिचा चेहरा उजळला. "मिस्टर टिळेकर, हे बघा! चौकोन! सगळ्या छतावर!" मी खाली बघितलं. माझ्याच दोरीच्या रेघा होत्या.

पंधरा दिवसांनी तिचा रिपोर्ट आला. छतावरच्या चौकोनांवर तिने अडीच पानं लिहिली होती. अशी रचना या भागात इतरत्र आढळत नाही, समुद्रमार्गे आलेल्या एखाद्या जुन्या कारागिरीची ती खूण असावी, तिला हात लावू नये. कोपऱ्यातल्या श्रीचा मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं, अज्ञात गवंड्याची निशाणी.

ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यातली मेख समजून घ्या. खजुराचं खोड नऊ-दहा फुटांपलीकडे भार घेत नाही. इथल्या जुन्या खोल्या अरुंद असतात त्या याचमुळे, खोलीची रुंदी खजूर ठरवतो. ती खोडं मातीचा थर पेलायला घातलेली होती, त्यांच्यावर मी विटा आणि सिमेंट लादलं होतं. ते ओझं काढलं तर खोडं वाचणार होती. पण ते ओझंच आता ऐतिहासिक ठरलं होतं. मग उरले दोन मार्ग. एक तर आतून लोखंडी तुळया ठोकायच्या, नाहीतर पागा पाडायची. फहदला दुसराच हवा होता. नव्या एसी पागेची ड्रॉइंग्ज त्याच्याकडे तयार होती, आणि कुंपणाबाहेर एक पिवळा शवल आणून उभा केला होता. पुढे मोठं फावडं असलेल्या मशीनला इथे सगळे शवल म्हणतात.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. बायको, मृणाल, पोळी वाढता वाढता थांबली. "अहो, मग उद्याच सांगून टाका ना."

"सात महिने राहिलेत गं रिटायरमेंटला. फेअरवेलला काय म्हणतील?"

मुलगी सायली फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम. व्हॉट्स द वर्स्ट दॅट कॅन हॅपन?"

"नाव जाईल, दुसरं काय!"

"नाव तर तिथे कोपऱ्यात लिहूनच आलायत," मृणाल म्हणाली. "नाही बोललात तर पागा जाईल. आणि मग तुम्ही मला आयुष्यभर झोपू द्यायचे नाही."

दुसऱ्या आठवड्यात मजलिसमध्ये, म्हणजे मालकांच्या बैठकीच्या दालनात, सगळे जमले. फहदने पाडण्याचा कागद बापासमोर ठेवला. "बाबा, इट्स फिनिश्ड." अबू राशिदने पेन हातात घेतलं, पण सही करेना. दारातून दिसणाऱ्या पागेकडे बघत राहिला. मला वाटलं, हा माणूस कुणीतरी अडवावं म्हणून थांबलाय.

मी उभा राहिलो.

"एक मिनिट. ते चौकोन जुने नाहीत. समुद्रमार्गे आलेले नाहीत. विमानाने आलेत, माझ्याबरोबर. कोपऱ्यात ते जे चिन्ह आहे, ते 'श्री' आहे. आम्ही कामाच्या आधी देवाचं नाव लिहितो. मी लिहिलंय ते. खिळ्याने."

मी एलिसनच्या रिपोर्टच्या मागे पेनने श्री काढून दाखवलं. वळणदेखील तेच होतं. तिने चष्मा काढला.

"मी त्यावर अडीच पानं लिहिलीत," ती म्हणाली.

"माहीत आहे, मॅडम. मी दोनदा वाचली."

ती आधी लाल झाली, मग एकदम हसत सुटली. अबू राशिद मात्र हसला नाही. तो माझ्याजवळ येऊन माझा चेहरा निरखू लागला. "तुम. साँप वाला इंजिनिअर."

"जी."

"वो घोड़ी मेरे बाप की थी. उस गर्मी में वो एक दिन भी अंदर नहीं रही. मेरा बाप उसको लेके बाहर झाड़ के नीचे बैठता था. पूरा दिन. बोलता था, घर का साँस बंद हो गया." त्याचा आवाज चढला. "और तुम बोला, आदत होगा!"

मी मान खाली घातली.

त्याने सही न करता कागद घडी घालून खिशात ठेवला. "तुम बंद किया, तुम खोलो. अगस्त तक. मेरा बाप बोलता था, घोड़ा अनजान जगह में खड़ा खड़ा सोता है. जिधर उसको अपना घर लगता है, उधर ही लेटता है. अगस्त की दोपहर, दरवाज़ा बंद, एसी नहीं. घोड़ी अंदर जा के लेटी, तो अस्तबल रहेगा. नहीं लेटी, तो खलास. शवल आएगा."

मॅनेजरने मला केबिनमध्ये घेऊन अर्धा तास झापलं. "हू आस्क्ड यू टू ओपन युअर माउथ, टिळेकर?" मी ऐकून घेतलं. फार दिवसांनी रात्री गाढ झोप लागली.

कामाला मी उस्ताद यार मोहम्मदला आणलं. क्वेट्याकडचा, सत्तरीला टेकलेला, मातीच्या भिंतींचा जाणकार. कोबा मशीनने फोडला तर हादऱ्याने भिंती जातील, म्हणून सगळा छिन्नी-हातोड्याने काढायला लावला. सात ट्रक मलबा निघाला. सात ट्रक ओझं त्या बिचाऱ्या खोडांनी सत्तावीस वर्षं डोक्यावर वागवलं होतं. चार खोडं मोडली होती, ती बदलली. बाकीची मात्र महिन्याभरात दोन बोटं वर आली. लाकडाला माझ्याइतका राग धरता येत नाही, हे पाहून मला अगदी भरून आलं.

श्रीचा चौकोन एलिसनने अखंड कापून घेतला. "माय मेसन्स मार्क" म्हणत ती आजही तो टेबलावर ठेवते.

यार मोहम्मदने खड्ड्यात माती, पेंढा आणि पाणी कालवून ठेवलं आणि तीन आठवडे हात लावू दिला नाही. "साब, पहले सड़ने दो. बास आएगी, तब चिपकेगी." वास आल्यावर पायांनी तुडवून त्याने ती, सिमेंटचं प्लास्टर उतरवलेल्या भिंतींना आणि छताला चढवली. मी त्याला एकदा विचारलं, फक्त तो एक कोपरा गळत होता, तर मुळात काय करायला हवं होतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. "एक टोकरी मिट्टी, साब. आधे दिन का काम."

एकवीस फटी मी स्वतः उघडल्या. मागच्या फलजमध्ये पाणी सोडलं. उत्तरेकडचा वारा पाण्यावरून येऊन फटींतून आत शिरावा, ही मूळ युक्ती. ज्याने ती रचली त्याने कॉलेज पाहिलं नसणार, आणि मी डिस्टिंक्शनमध्ये पास झालेला.

एक गोष्ट मात्र राहू दिली. छताच्या कडेचा कठडा फार नाजूक झाला होता, म्हणून त्याच्या पायाशी असलेला सिमेंटचा वाटा मी फोडू दिला नाही. वरून मातीचं लिंपण करून झाकला. हा सावधपणा मला केवढ्याला पडणार होता!

जुलैच्या शेवटी अबू राशिद त्याची घोडी गझाला घेऊन आला. करडी, उंच, डोळे शहाण्या बाईसारखे. भर दुपार होती. ती दारापर्यंत आली, मान आत घातली, फुरफुरली आणि मागे वळली. त्याने पुन्हा वळवली. पुन्हा तेच. मग त्याने तिला ओढून आत नेलं, आम्ही दरवाजा लावला. दहा मिनिटांत तिच्या मानेवर घाम आला आणि ती खुरांनी जमीन उकरायला लागली. इथे मात्र खरोखरच घोडं अडलं होतं.

अबू राशिद तिला बाहेर घेऊन गेला. फहद पलीकडून शांतपणे म्हणाला, "अंकल, यू ट्राइड."

ते 'ट्राइड' मला फार झोंबलं. सगळे गेल्यावर मी आत एकटा बसलो. गाडीच्या डॅशबोर्डवर गणपती असतो, त्याच्यापुढची उदबत्ती आणली, पेटवली आणि एका फटीपुढे धरली. धूर सरळ वर जात होता. फट उघडी, बाहेर वारा, तरी आत झुळूक नाही. हे कसं? एकवीस फटींपुढे एकवीस वेळा उदबत्ती धरली, धूर ढिम्म हलेना.

तीन आठवडे मी त्याच कोड्यात होतो. एका शुक्रवारी घरी मृणाल मासे तळत होती. घरभर धूर झाला म्हणून मी उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि एक्झॉस्ट फुल केला. धूर होता तिथेच.

"अहो, दार काय लावता?" ती खोकत ओरडली. "इकडून हवा आत आली तर तिकडून बाहेर जाणार ना! कोंडून ठेवल्यावर पंखा काय ओढणार, कपाळ?"

मी सुरमई तशीच सोडून निघालो. ज्यांना मी ओळखतो ते सांगतील, ही साधी गोष्ट नव्हे.

पागेत बोळाच्या भिंतीला, अगदी छताखाली, छोटे कोनाडे होते. एकवीस. एलिसनच्या ड्रॉइंगमध्ये लिहिलं होतं, दिव्यांचे कोनाडे. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती. पण इतक्या उंचावर, वाळक्या झावळ्यांना लागून, दिवा कोण ठेवेल? पागा पेटवायची होती का त्यांना? मी करामातल्या घरून थेट अल ऐनला गेलो, शिडी लावून पहिल्या कोनाड्यात हात घातला. हात भिंतीच्या जाडीत वर वर जात राहिला आणि खांद्याशी येऊन कठीण कशालातरी टेकला. खरबरीत होतं. तो स्पर्श मी अंधारातही ओळखला असता. माझंच सिमेंट.

खालून थंड वारा येणार, तापलेली हवा वर चढणार आणि या धुराड्यांतून कठड्याच्या पायाशी बाहेर पडणार, अशी ती सगळी रचना होती. ती तोंडं माझ्या वाट्याने बुजवली होती. आणि या वेळी वाटा फोडू नका म्हणणाराही मीच. म्हणजे एकाच इमारतीचं नाक मी दोनदा दाबलं होतं.

यार मोहम्मदला फोन केला. "उस्ताद, कठडा गिरेगा क्या?"

"पकड़ के तोड़ेंगे, साब. बच्चे का दाँत निकालते हैं ना, वैसे."

मधल्या तीन आठवड्यांत शवलवाला दोनदा तारीख विचारून गेला होता. आम्ही कठड्याला आतून-बाहेरून फळ्यांचा टेका दिला आणि वाटा बोटबोट कोरून काढला. पहिलं धुराडं मोकळं झालं तेव्हा मी खाली फटीजवळ उदबत्ती घेऊन बसलो होतो. वरून धूळ पडली, मग उजेडाची एक काडी आत आली. आणि धूर वाकला. आधी थोडा, मग पार आडवा होऊन आत गेला, बोळ ओलांडून वर चढला आणि कोनाड्यात दिसेनासा झाला. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण यार मोहम्मद घाबरून छतावरून खाली डोकावला, की साब के ऊपर कुछ गिरा क्या.

एकवीस धुराडी उघडायला सहा दिवस लागले. ऑगस्ट संपायला चार दिवस उरले होते.

त्या दुपारी बाहेर उभं राहवत नव्हतं. शवलचा ड्रायव्हर मशीनच्या सावलीत बसला होता. फहद आला, एलिसन आली. अबू राशिदने गझालाला आणलं. दारात ती थांबली. तिने मान खाली घातली, जमिनीजवळून येणाऱ्या वाऱ्याला नाक लावलं, नाकपुड्या फुलवल्या आणि कुणी न ओढता आत गेली. अबू राशिदने लगाम सोडून दिला. ती पाच-सहा ठाणं हुंगत पुढे गेली आणि एकात शिरली. आम्ही आत जाऊन दरवाजा लावून घेतला.

पहिली पंधरा मिनिटं ती नुसती उभी होती. अर्धा तास झाला. फहदने घड्याळ बघितलं, मी बघितलं नाही. तिची एक मागची तंगडी सैल पडली, खालचा ओठ लोंबला. उभ्या उभ्या डुलकी घेत होती. मी मनात म्हटलं, संपलं, उभ्यानेच झोपणार ही. मग तिने डोळे उघडले, पेंढा एकदा पायाने सारखा केला, पुढचे गुडघे मोडले आणि तो सगळा करडा डोलारा हळूच जमिनीवर ठेवला. मोठा सुस्कारा सोडला. आणि मान लांब करून आडवी झाली.

अबू राशिदने ओठांवर बोट ठेवलं. मग वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून. मीही माझे सेफ्टी शूज काढले. साठी उलटलेले आम्ही दोघं हातात पादत्राणं घेऊन त्या बोळात उभे होतो आणि दोघांचेही डोळे वाहत होते. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. फहद बाहेर गेला. थोड्या वेळाने शवल सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो दूर दूर जात बंद झाला. घोडीने एक कान हलवला, उठली नाही.

बाहेर आल्यावर अबू राशिदने खिशातून तो घडी घातलेला कागद काढला, फाडून फलजच्या कडेला टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"टिळेकर," तो म्हणाला, "सच बोलो. इधर मुल्क में और कितना छत पे तुम वो भगवान का नाम लिखा?"

अशी मातीची छतं मी बोटांवर मोजली. खोटं बोलायची सवय गेलीच होती.

"चार."

"यल्ला, चलो," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली काढली. "पहले चाय पियो. फिर दिखाओ."

फेअरवेल झालं, घड्याळ मिळालं, मॅनेजरने भाषणात पागेचा उल्लेखही केला. पण मी निवृत्त झालो असं मृणाल मानायला तयार नाही. दर शुक्रवारी सकाळी खाली हॉर्न वाजतो. दोन छतं झाली, दोन राहिलीत.